भुसा झाडू नका, ओढून घ्या!

मैत्रिणींनो, केराचे किती प्रकार असतात ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार! सकाळचा केर वेगळा, निवडण-टिपणाचा वेगळा, दिवाळीच्या जाळ्या-जळमटांचा वेगळा. पण गेल्या महिन्यात अकोल्याला नणंदबाईंकडे चार दिवस राहून आले आणि एका नव्याच केराशी गाठ पडली. तो म्हणजे लाकडाचा भुसा.

आमचे भाऊजी, म्हणजे नणंदबाईंचे यजमान, निवृत्त झाल्यापासून मागच्या पडवीत सुतारकाम करतात. हौस म्हणून सुरू केलं, आता लोक घरी येऊन सांगून जातात. पाट, चौरंग, छोटे देव्हारे असं काहीबाही सुरू असतं. लाकूडही चांगलं वापरतात. आपल्या वऱ्हाडात सागवान म्हटलं की परतवाड्याचं नाव निघतं. मेळघाटातलं लाकूड तिथल्या डेपोत येतं ना! घरात चार पैसे येतात, माणूस कामात रमतो. यात नाव ठेवायला जागा नाही. पण पडवीला लागूनच आहे स्वयंपाकघर. कटर मशीन सुरू झालं की भुशाचा लोट थेट आत. दोरीवरच्या कपड्यांवर भुसा, माठाच्या झाकणावर भुसा आणि परात उघडी राहिली तर कणकेतही भुसा!

"काय सांगू वहिनी, दिवसातून तीनदा झाडतो मी, तरी पायाखाली कचकच असतेच!" ताई म्हणाल्या आणि बोलता बोलता खोकू लागल्या. हा खोकला दिवाळीपासूनचा. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला होता, घरात धूळ कसली उडते? ताईंचं उत्तर होतं, "धूळ नाही जी, लाकडाचा भुसा असते फक्त."

त्या 'फक्त'पाशीच मी अडले. आपल्या लहानपणी भुशाची शेगडी घरोघरी होती, त्यामुळे भुशाचं आपल्याला भय वाटत नाही. पण डोळ्यांना दिसतो तो जाडा भुसा. तो जमिनीवर पडतो, केरसुणीत येतो. घासकागदाचं मशीन चाललं की त्याहून कितीतरी बारीक, पिठासारखी पूड उडते. ती तासन् तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ ही माणसाला कर्करोग करू शकणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातली. वर्षानुवर्षं लाकडाच्या धुळीत काम करणाऱ्या कामगारांत नाकाच्या आतल्या भागाचा कर्करोग जास्त आढळला होता. घाबरून जायला नको. चार पाट घासले म्हणून कुणाला तो होत नाही. पण खोकला, शिंका, दमा बळावणं, सागवानाच्या पुडीने अंगाला खाज येणं, या तर रोजच्या गोष्टी आहेत.

आता विचार करा, ही धूळ सगळ्यांत जास्त कोण खातं? भाऊजी तोंडाला मास्क लावून दोन तास मशीन चालवतात आणि बाहेर ओट्यावर येऊन बसतात. त्यानंतर ताई उघड्या तोंडाने केरसुणी घेऊन आत शिरतात आणि खाली बसलेली धूळ पुन्हा उडवतात. शाळेतही असंच असतं. खडूची पूड लिहिणाऱ्यापेक्षा फळा पुसणाऱ्याच्या नाकात जास्त जाते. म्हणून म्हणते, घरात कारखाना पुरुषाचा असला, तरी भुशाचा प्रश्न आपला आहे. त्याची खरेदी आपल्याला न विचारता होऊ देऊ नका.

मशीन आणलं, पण नळीने घात केला

खरं म्हणजे भाऊजींनी धूळ ओढायचं यंत्र आणलेलं होतं. एक मोटर, तिच्यावर मोठा पंखा आणि वर कापडाची फुगणारी पिशवी. दुकानात त्याला 'डस्ट कलेक्टर' म्हणतात. यंत्रावर पैसे खर्च झाले, मग नळी घेताना हात आखडला. आपणही असंच करतो की! साडी भारीची आणि अस्तर मात्र हलकं.

पहिल्यांदा त्यांनी आणला शेतात पाणी द्यायचा चपटा, गुंडाळी होणारा पाईप, तो 'ले-फ्लॅट' नावाचा. सगळ्यांत स्वस्त. मशीन सुरू करताच तो पाईप पापडासारखा चपटा होऊन बसला! होणारच. पाणी आतून बाहेर ढकलतं, म्हणून तो फुगतो. इथे हवा आत ओढली जाते, म्हणून तो मिटतो. ओढायच्या कामाला अंगचा ताठपणा असलेलीच नळी लागते, हा पहिला धडा.

दुसऱ्यांदा आणली अडीच इंची, आतून-बाहेरून वळ्यावळ्यांची नळी, चांगली २५ फूट. ती मिटली नाही, पण भुसाही ओढेना. निम्मा जमिनीवर आणि उरलेला नळीच्या वळ्यांत. भाऊजी यंत्राला दोष देऊन मोकळे झाले. यंत्र बिचारं ठीक होतं.

याचं गणित अगदी सोपं आहे. यंत्राचं तोंड ४ इंची, नळी अडीच इंची. वाट किती ते व्यासाच्या वर्गावर ठरतं. ४ चा वर्ग १६ आणि अडीचचा सव्वासहा. म्हणजे पाच माणसांच्या दारातून दोनच माणसं जाऊ लागली. त्यात वळ्यांच्या नळीत हवेला होणारा अडथळा गुळगुळीत पाईपाच्या दुप्पट-तिप्पट. शिवाय लांबी २५ फूट! उसाचा रस जाड नळीने पिऊन पाहा आणि लांबलचक बारीक नळीने पिऊन पाहा. गाल दुखतील, घोट मात्र येणार नाही.

मग नळी जितकी मोठी तितकी चांगली का? तसंही नाही. लहान यंत्राला ६ इंची पाईप लावला तर हवा मंदावते आणि भुसा वाटेतच बसतो. सुपात पाखडताना झटका हलका बसला की फोलपटं उडत नाहीत, तसंच हे. भुसा आडव्या पाईपातून वाहून न्यायला हवेला सेकंदाला साधारण २० मीटरचा वेग हवा. म्हणून नियम एवढाच: यंत्राचं तोंड जेवढं, तेवढीच नळी.

घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरचं मात्र वेगळं असतं, बरं का! त्याची ओढ जोरदार, पण हवा थोडी. त्याला सव्वा-दीड इंची नळीच शोभते आणि हातातल्या घासायच्या मशीनला ती छान लागू पडते. त्याला ४ इंची नळी लावली तर काहीच ओढणार नाही. आपलं यंत्र कोणत्या जातीचं ते आधी ओळखा.

बाजारात काय काय मिळतं

आपल्या अमरावती-अकोल्यासारख्या शेतीच्या गावांत एक मोठी सोय आहे. पाईपांची दुकानं पावलोपावली. शिवाय अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात साधारण डिसेंबरअखेर कृषी प्रदर्शन भरतं. तिथे तऱ्हेतऱ्हेचे पाईप हातात घेऊन पाहता येतात. आपल्याला लागणाऱ्या मालाची ओळख करून देते.

तारेची लवचिक नळी: पातळ प्लॅस्टिक आणि आत पोलादी तारेचं वेटोळं. वजनाला हलकी, हवी तशी वळते. मशीनच्या तोंडाशी हीच लागते. यात पीव्हीसीची स्वस्त, पण उन्हाने कडक होऊन चिरते. पॉलियुरेथेनची, म्हणजे 'पीयू'ची महाग, पण भुशाच्या घासणीला टिकते. फुटावर महाग पडते, म्हणून कमीत कमी घ्यायची.

शेतीपंपाची सक्शन नळी: हिरवी किंवा करडी, अंगात कडक प्लॅस्टिकचं वेटोळं असलेली. विहिरीतून पाणी ओढायला वापरतात, म्हणजे मिटत नाही. आतून बरीच गुळगुळीत, दणकट. पण जड आणि हट्टी; लहान वळण घेत नाही. यंत्र एका जागी असेल तर उत्तम, रोज इकडून तिकडे ओढायची असेल तर कंबर मोडते.

पीव्हीसीचा सरळ पाईप: शेतात पुरतात तो किंवा सांडपाण्याचा. ११० मिलिमीटरचा म्हणजे बोलीभाषेत चार इंची. ६ मीटरची, म्हणजे जवळजवळ २० फुटांची नळकांडी येते. आतून अगदी गुळगुळीत आणि फुटामागे लवचिक नळीपेक्षा स्वस्त. यात पाण्याचा दाब सोसायचा नसल्याने हलक्या दाबाचा, अडीच किंवा चार किलोचा पाईप पुरतो. जाड भिंतीच्या पाईपाला उगाच पैसे घालू नका.

चिमणीचा चंदेरी पाईप: स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तो. घरात तुकडा उरलेला असतो म्हणून मोह होतो. पण लाकडाची ढलपी लागली की कागदासारखा फाटतो. तो वाफेलाच ठीक.

वॉशिंग मशीनची पाणी सोडायची नळी: फारच बारीक आणि आतून वळ्यावळ्यांची. तिचा विचारच सोडा.

स्वस्त नळी म्हणजे कमी नळी

आता मुख्य गोष्ट. स्वस्तातली लवचिक नळी शोधत हिंडण्यापेक्षा लवचिक नळी कमी लागेल असं करा. लांबची वाट सरळ पाईपाची आणि फक्त शेवटचे चार-पाच फूट लवचिक. यात पैसा वाचतो आणि ओढही वाढते. स्वस्त आणि चांगलं एकाच वाटेवर सापडण्याचे प्रसंग संसारात थोडेच येतात, हा त्यातला एक!

तुम्हाला जिनिंगचा कारखाना आतून पाहायला मिळाला असेल तर आठवा. ढिगातला कापूस पत्र्याच्या मोठ्या, गुळगुळीत पाईपांतून हवेने ओढून यंत्रापर्यंत नेतात. वळणंही गोलसर असतात. तिथे जे कळतं ते पडवीतही लागू आहे.

ताईंच्या घरी आम्ही असं केलं. आधी सुतळीने वाट मोजली, कारण डोळ्यांचा अंदाज नेहमी चुकतो. यंत्र पडवीच्या टोकाला, अंगणाच्या बाजूला नेलं. भिंतीच्या कडेने ११० मिलिमीटरचा एक २० फुटी पाईप, दोन वळणं आणि शेवटी ५ फूट तारेची ४ इंची नळी. बस्स. जुनी अडीच इंची नळी भंगारात काढली नाही. तिचे तीन फूट घासायच्या मशीनसाठी ठेवले.

वळण घेताना काटकोनी 'एल्बो' नको, ४५ अंशांचे दोन तुकडे जोडा. फाटा काढायचा असेल तर 'टी' नको, 'वाय' घ्या आणि तो हवेच्या दिशेने झुकलेला ठेवा. फाटे दोन असतील तर चालू नसलेल्याचं तोंड झाकणाने बंद ठेवा. सांधे पक्क्या सोल्युशनने चिकटवू नका. घट्ट बसवून वरून चिकटपट्टी लावा. उद्या एखादा तुकडा अडकला तर उघडायला नको का?

जोडणीत एक गंमत आहे. पाण्याचा पाईप बाहेरून मोजतात आणि नळी आतून. दोन्ही 'चार इंची' म्हटले तरी एकमेकांत नीट बसत नाहीत. म्हणून दुकानात जाताना पाईपाचा वीतभर तुकडा पिशवीत टाका. ब्लाऊजपीस घेताना साडी नेतो ना, तसंच! थोडी फट उरली तर स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून वरून पत्र्याची क्लिप आवळा.

दुकानात लवचिक नळी घेताना हे पाहा: तिला इंग्रजी 'यू'सारखं वळवा, आतल्या बाजूने मुडपली तर नको. आतून बोट फिरवा. वळ्या जितक्या उथळ तितकं चांगलं. मुठीत दाबून सोडा. लगेच पूर्ववत गोल झाली पाहिजे. टेप आतून लावून व्यास मोजा. आणि भाव फुटाचा की मीटरचा, हे आधी विचारा. मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून जास्त. भाव ऐकताना इथेच फसगत होते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करा. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखाली टांगलेली पातळ पीव्हीसीची नळी तापून मऊ पडते आणि ओढीने दबते, नाहीतर दोन उन्हाळ्यांत चिरते. काम झालं की सावलीत, सैल वेटोळं करून ठेवा.

वाचलेले पैसे इथे घाला

नळीत वाचलेले पैसे साडीला नव्हे हं, पिशवीला! यंत्राबरोबर येणारी कापडी पिशवी बहुतेक वेळा जाड विणीची असते. रव्याच्या चाळणीतून मैदा खाली उतरतो, तशी बारीक पूड तिच्यातून पार होते. म्हणजे जमीन स्वच्छ दिसते, आणि नाकात जायची ती धूळ पंखा आणखी पसरवतो. दाट विणीची पिशवी मागा, आणि शक्य असेल तर यंत्र घराबाहेर, आडोशाला ठेवा. पण त्याचं तोंड शेजारणीच्या खिडकीकडे नको!

यंत्राच्या आधी घट्ट झाकणाचा पत्र्याचा पिंप जोडता आला तर फारच छान. झाकणाला दोन भोकं. एकातून भुसा येतो, दुसऱ्यातून हवा पुढे जाते. जड भुसा पिंपात पडतो, पिशवी लवकर भरत नाही. सुपाचंच तत्त्व, दुसरं काय!

आणि मास्क. साधा रुमाल या पुडीला आडवत नाही. एन-९५ लिहिलेला, नाकाला घट्ट बसणारा मास्क दोघांनाही हवा. करणाऱ्याला आणि आवरणारीलाही.

थोडी सावधगिरीही सांगते. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या नळीतून भुसा धावला की वीज साचते आणि हाताला झटका बसतो. नळीतल्या तारेचं टोक सोलून यंत्राच्या धातूच्या अंगाला जोडून घ्या आणि यंत्राचं अर्थिंग नीट आहे ना, ते वीजमिस्त्रीकडून तपासून घ्या. लोखंड घासताना ठिणग्या उडतात. त्या या नळीत कधीही ओढू देऊ नका. भुशाच्या पिशवीत एक ठिणगी पुरे. पिशवी रोज रिकामी करा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात चिकटवायची रसायनं असतात. तो चुलीत-शेगडीत घालू नका.

सांध्यातून गळती आहे का हे पाहायला उदबत्ती नको, बरं का. जवळ भुसा असतो. पिंजलेल्या कापसाचा पुंजका सांध्याजवळ धरा. तो आत ओढला जाऊ लागला की तिथे फट आहे असं समजा. वऱ्हाडात कापसाला काय तोटा!

सगळं जोडून झाल्यावर भाऊजींनी एक पाट घासायला घेतला. ताई सवयीने केरसुणी घेऊन दारात उभ्या होत्या. पाट झाला, तरी खाली चिमूटभरच भुसा. "आता हे काय झाडू मी?" असं म्हणून त्या हसल्या. तेवढाही झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या, असं मी सांगितलं. कारण झाडलं की बारीक पूड पुन्हा उडते. केरसुणीला आपण लक्ष्मी मानतो, दिवाळीला तिची पूजा करतो. पण या पुडीपुढे ओलं फडकंच बरं.

भाऊजी आधी थोडे कुरकुरले होते. चालतंय की, परत खर्च कशाला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ताई, ज्या एरवी खर्चाच्या बाबतीत चकार शब्द काढत नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "औषधाच्या बाटल्यांचा हिशेब काढा एकदा. तो खर्च कोणाच्या खात्यात मांडता?" भाऊजी उठले आणि सुतळी घेऊन वाट मोजू लागले.

ताईंचा खोकला चार दिवसांत गेला असं मी सांगणार नाही. डॉक्टरांचं औषध सुरू आहे आणि ते संपेपर्यंत घ्यायचंच आहे. पण परवा फोनवर म्हणाल्या, माठावरचं झाकण पुसायला गेले, तर हाताला काहीच लागलं नाही. मला तेवढं पुरे वाटलं.

तुमच्या घरी सुतारकाम नसेलही. पण घरघंटी असेल, मसाल्याचं कांडप असेल, गाद्या भरायचं काम असेल. धूळ कशाचीही असो, ती उडते तिथेच धरावी. घरभर पसरल्यावर तिच्यामागे केरसुणी घेऊन धावू नये. आणि यंत्र घरात येताना त्याची नळी कोणती, लांबी किती, पिशवी कसली, हे तुम्ही स्वतः विचारा. विचारायला लाजू नका. श्वास तुमचाही आहे.